कुलाब्याची सूची व आकाशांतील शीळ

ठाण्याच्या पश्चिमेस, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याकडे, उपवनच्या तळ्यापासून थोड्याच अंतरावर वर्तकनगर नांवाची वस्ती आहे. प्रस्तुत लेखकाचें बिऱ्हाड तेथील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. एके वैशाखांत, वळवाचे ढग डोंगरावर जमूं लागले असतां, आमच्या भाच्यानें गच्चीवर वीस-पंचवीस हात तार ताणली, तिचें एक टोंक लहानशा ध्वनिवर्धकास जोडलें, आणि कानाला लावावयाचें यंत्र आमच्या हातीं देऊन तो म्हणाला, "मामा, वीज काय बोलते तें ऐका." आम्हीं ऐकलें. ऐकूं आला तो एकच अखंड घुंघुंकार. तो आकाशांतल्या विजेचा नव्हता. घरोघरीं दिवे लावणाऱ्या व पंखे फिरविणाऱ्या, सेकंदास पन्नास आवर्तनें घेणाऱ्या पाळीव विजेचा तो आवाज होता. त्यांतून दूरच्या मेघांचे तडतड असे तुरळक शब्द कसेबसे डोकें वर काढीत व पुन्हां बुडत. भाचा हिरमुसला. जो एक विशिष्ट नाद ऐकण्याच्या आशेनें त्यानें एवढी खटपट केली होती, तो ऐकूं येण्याचा संभव वर्तकनगरांत मुळांतच फार थोडा होता. तो कां, आणि जी गोष्ट ह्या मुलखाच्या कानीं पडावयाची नव्हती तीच ह्या मुलखानें दुसऱ्या कोणत्या इंद्रियानें टिपून ठेविली, हें सांगण्याकरितां हा लेख लिहिला आहे.

वीज चमकली म्हणजे प्रकाश व गडगडाट हीं दोनच अपत्यें तिच्या पोटीं जन्मास येतात अशी आपली समजूत असते. तिसरें अपत्य डोळ्यांस दिसत नाहीं व नुसत्या कानांसहि ऐकूं येत नाहीं. तें म्हणजे रेडिओच्या लहरी. नभोवाणीच्या लहरी सेकंदास लाखों वेळां कंप पावतात. विजेपासून निघणाऱ्या लहरींत मात्र सर्वांत जोर असतो तो सेकंदास कांहीं हजार कंप होणाऱ्या मंद लहरींचा. शास्त्रज्ञ तीन हजार ते तीस हजार कंपांच्या पट्ट्यास अति-अल्प कंपसंख्येच्या लहरी असें म्हणतात. ह्या पट्ट्याचा बराच भाग मनुष्याच्या श्रवणशक्तीच्या आटोक्यांत आहे. परंतु ह्या लहरी हवेच्या नसल्यामुळें कान त्यांना ओळखीत नाहीं. लांब तार आणि टेलिफोनचें श्रवणयंत्र एवढे दोन मध्यस्थ मिळाले कीं त्या बोलूं लागतात.

म्हणूनच ह्या नादांचा शोध कोणीं मुद्दाम लावला नाहीं. लोकांनीं लांब तारा दुसऱ्याच कामासाठीं टाकल्या, आणि त्या तारांनीं न मागितलेलें गाणें ऐकविलें. १८८६ सालीं ऑस्ट्रियांत सॉनब्लिक नांवाच्या पर्वतावरील वेधशाळेची बावीस किलोमीटर लांबीची टेलिफोनची तार होती. तींत चमत्कारिक शिळा ऐकूं येतात अशी तेथील निरीक्षकांनीं नोंद केली. इंग्लंडच्या तारखात्यांतील प्रीस ह्यानें १८९४ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस, ध्रुवप्रकाश चमकत असतां, तारायंत्राच्या तारांना टेलिफोन जोडून आपल्या माणसांकडून ते नाद ऐकविले. पुढें पहिलें महायुद्ध आलें. शत्रूचें टेलिफोनवरील बोलणें जमिनींतून चोरून ऐकण्यासाठीं जर्मन सैन्यानें दोन खुंट्या जमिनींत रोवून शक्तिमान् ध्वनिवर्धक लाविले. आणि खंदकांत बसलेल्या शिपायांस शत्रूच्या गुपितांच्या जोडीस लांबलचक, वरून खालीं उतरणारी शीळ ऐकूं येऊं लागली. त्यांना वाटलें, हा उडत जाणाऱ्या तोफगोळ्यांचा आवाज! बार्कहाउझेन ह्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें १९१९ सालीं हा प्रकार प्रसिद्ध केला. कारण मात्र त्यास नक्की सांगतां आलें नाहीं.

ही शीळ दीड-दोन सेकंद टिकते व उंच स्वरापासून सुरू होऊन खर्जाकडे घसरत जाते. मार्कोनी कंपनींतील एकर्स्ली ह्यानें १९३५ सालीं त्या घसरणीचा नियम गणितानें दाखविला. पंढरीच्या वाटेवर एकाच वेळीं निघालेली दिंडी थोडें अंतर चालली कीं तरणे पुढें होतात व म्हातारे मागें पडतात. अंतर जितकें अधिक, तितकी दिंडी लांबते. विजेच्या ठिणगींतून सर्व स्वर एकाच क्षणीं निघतात. विरळ विद्युत्कणांनीं भरलेल्या प्रदेशांतून जातांना त्यांतील उंच स्वर लवकर पोंचतात, खर्जांतील उशिरां पोंचतात, आणि एका क्षणाच्या कडाड्याची शीळ होते. पण इतकी फांकाफांक व्हावयाची तर वाट केवढी लांब असली पाहिजे? पृथ्वीवर तर एवढी वाटच नाहीं.

ह्या प्रश्नाचें उत्तर केंब्रिजच्या स्टोरी नांवाच्या तरुण संशोधकानें १९५३ सालीं दिलें. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे. त्याच्या बलरेषा दक्षिण गोलार्धांतून बाहेर पडतात, आकाशांत हजारों किलोमीटर उंच कमान टाकतात व उत्तर गोलार्धांत पुन्हां जमिनींत शिरतात. विजेच्या लहरींपैकीं कांहीं आयनांबर भेदून वर निसटतात व ह्या बलरेषेच्या बोटाला धरून थेट दुसऱ्या गोलार्धांत उतरतात. कधीं तेथून उलटून पुन्हां मूळ जागीं येतात. स्टोरीच्या हिशेबाप्रमाणें ह्या कमानी पृथ्वीच्या त्रिज्येच्या कित्येक पट उंच जात होत्या, व एवढ्या उंचीवरहि एका घन सेंटिमीटरांत शेंकडों इलेक्ट्रॉन असल्यावांचून शिळेचा मेळ बसत नव्हता. जेथें पोकळी आहे असें सारे समजत होते, तेथें वस्तु आहे हें एका शिळेनें सिद्ध केलें. त्या वेळीं एकहि कृत्रिम उपग्रह उडालेला नव्हता, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. ह्याच प्रदेशास पुढें चुंबकावरण असें नांव मिळालें.

आतां वर्तकनगरची अडचण सहज समजेल. मुंबई व ठाणें हीं चुंबकीय विषुववृत्तापासून जेमतेम दहा अंशांवर आहेत. येथून निघणारी बलरेषा उंच कमान टाकीत नाहीं. ती सुमारें दोनशें किलोमीटरपर्यंत चढते आणि परत वळते, म्हणजे आयनांबराच्या दाट थराबाहेर डोकेंहि काढीत नाहीं. ज्या दिंडीला वाटच नाहीं ती लांबणार कशी? काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांतील तंत्री व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९६० नंतरच्या काळांत गुलमर्ग, नैनिताल व खुद्द काशी येथें शिळा टिपल्या, आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ त्या पोंचतातच कशा ह्याची चर्चा पुष्कळ वर्षें चालली. कोंकणच्या वांट्यास तेवढेंहि भाग्य नाहीं.

परंतु चुंबकावरणाची हालहवाल कळण्यास शीळ ही एकच वाट नाहीं. दुसरी वाट फार जुनी, फार रुक्ष, व आम्हांस विचाराल तर अधिक मानाची आहे. ती वाट मुंबईंतून गेली आहे.

कुलाब्यास ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं वेधशाळा बांधली ती जहाजांना बिनचूक वेळ मिळावी व आकाशाचे वेध घेतां यावे म्हणून. १८४१ पासून तेथें चुंबकसूचीचीं निरीक्षणें सुरू झालीं. त्या काळीं सर्व जगभर एकाच वेळीं चुंबकसूचीचे वेध घ्यावे अशी एक मोहीम यूरोपीय शास्त्रज्ञांनीं काढली होती, तिचाच हा भाग. वेधशाळा एल्फिन्स्टन विद्यालयाचे प्रोफेसर ऑर्लिबार ह्यांच्या ताब्यांत होती, आणि त्यांच्या हाताखालीं जो मुलगा नोकरीस लागला तो केरो लक्ष्मण छत्रे. अलीबागजवळच्या नागांव येथें १८२५ सालीं जन्मलेला हा मुलगा तेव्हां पंधरा-सोळा वर्षांचा होता. केरूनाना पुढें महाराष्ट्राचे गणिती म्हणून विख्यात झाले, त्यांनीं ग्रहसाधनाचीं कोष्टकें रचिलीं, टिळक-आगरकर त्यांच्या हाताखालीं शिकले. ह्या गोष्टी आपल्या वाचकांस ठाऊक आहेत. त्यांचें उमेदवारीचें शिक्षण मात्र कुलाब्याच्या दांड्यावर, यंत्रांच्या सान्निध्यांत झालें, हें बहुधा विसरलें जातें. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनींहि कांहीं काळ ह्याच वेधशाळेचा कारभार पाहिला. मराठी गद्याचा पाया व मुंबईच्या चुंबकीय नोंदींचा पाया हे एकाच पिढीनें, आणि कांहीं अंशीं एकाच हातांनीं घातले, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

तें काम होतें तरी कसें? रेशमाच्या धाग्यानें टांगलेला लोहचुंबक, त्यास चिकटविलेला लहानसा आरसा, समोर दुर्बीण व एक मोजपट्टी. दर तासाला दुर्बिणींतून पाहावयाचें, आरशांत दिसणारा अंक वहींत लिहावयाचा, आणि पुढच्या तासाची वाट पाहावयाची. दिवसा तसें रात्रीं, आश्विनांत तसें श्रावणांत. सूची अस्वस्थ झाली तर दर पंधरा मिनिटांनीं, वेळ पडल्यास पांच मिनिटांनीं अंक घ्यावयाचा. ह्या अंकांचा अर्थ काय, हें निरीक्षकांस ठाऊक नव्हतें. त्यांच्या वरिष्ठांसहि ठाऊक नव्हतें. चुंबकसूची रोज दिवसा थोडी हलते व कधींकधीं वादळांत सांपडल्यासारखी फडफडते, एवढेंच ज्ञान होतें.

१८५९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस इंग्लंडांत कॅरिंग्टन नांवाच्या ज्योतिषानें सूर्यावरील डागांचें चित्र काढीत असतां एकाएकीं दोन शुभ्र ठिणग्या पाहिल्या. त्या पांच मिनिटांत मावळल्या. सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळलें. यूरोप व अमेरिकेंत तारायंत्राच्या कचेऱ्यांतून ठिणग्या उडाल्या, उष्ण कटिबंधाच्या वेशीपर्यंत ध्रुवप्रकाश दिसला. लंडनजवळच्या क्यू येथें फोटोच्या कागदावर आपोआप रेषा काढणारें नवें यंत्र बसविलेलें होतें. रेषा कागदाबाहेर गेली व यंत्र आंधळें झालें. कुलाब्यास तसलें यंत्र नव्हतें. तेथें मनुष्याचे डोळे होते. आरमारांतील अधिकारी फर्ग्युसन ह्यांच्या देखरेखीखालील निरीक्षक २ सप्टेंबर रोजीं सकाळपासून अंक लिहीत राहिले. दुपार होण्याच्या सुमारास, दीडेक तासाच्या अवधींत, पृथ्वीचें क्षितिजसमांतर चुंबकीय बल इतकें खालीं आलें कीं आजच्या मापानें ती घट सुमारें १,६०० नॅनोटेस्ला भरते; म्हणजे मुंबईच्या एकंदर बलाच्या शंभरांत चार भाग. घट झाली, तिचे अंक वहींत उतरले, पुढें छापील ग्रंथांत गेले, आणि तो ग्रंथ कपाटांत गेला. त्या दिवशीं दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसांचीं नांवें आम्हांस सांगतां येत नाहींत, ह्याची खंत वाटते. दोन वर्षांमागल्या बंडाच्या जखमा अजून ओल्या होत्या. शहरांत कोणास चुंबकसूचीची फिकीर असणार?

त्यानंतर सुमारें साडेबारा वर्षांनीं, ४ फेब्रुवारी १८७२ रोजीं, रविवारीं, आणखी एक प्रचंड वादळ झालें. ह्या खेपेस खुद्द मुंबईंत रात्रीं ध्रुवप्रकाश दिसल्याचें तेव्हांच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'नें छापिलें, व मुंबई-एडन ही नुकतीच घातलेली समुद्रतार बिघडल्याचेंहि वृत्त दिलें. दहा अंशांवरील गांवीं ध्रुवप्रकाश दिसणें ही इतकी अपूर्व गोष्ट आहे कीं कांहीं विद्वानांनीं तिच्याविषयीं शंका घेतली आहे. कुलाब्याच्या सूचीनें मात्र वादळाविषयीं शंकेस जागा ठेविली नाहीं.

विसावें शतक उजाडलें आणि वेधशाळेवर असें संकट आलें कीं जें सूर्याकडून आलें नव्हतें. मुंबईंत विजेच्या ट्राम सुरू करण्याचें ठरलें. ट्रामच्या रुळांतून जमिनींत शिरणारा प्रवाह नाजूक सूचीला क्षणभर स्वस्थ बसूं देत नाहीं. वेधशाळेचे मुख्य त्या वेळीं नानाभाई फ्रामजी मूस हे होते. त्या जागीं बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत. ट्राम अडवितां येणार नाहीं हें त्यांनीं ओळखलें आणि सूचीलाच दुसरें घर पाहिलें: खाडीपलीकडे, समुद्रकांठीं, अलीबागेस. घरहि असें कीं ज्यांत लोखंडाचा अंश नाहीं. दगड मुद्दाम पोरबंदरचा आणविला. येथें मूस ह्यांच्या शास्त्रीय विवेकाची तारीफ करावीशी वाटते. जुनी जागा सोडून नव्या जागीं गेलें म्हणजे नोंदींचा धागा तुटतो. पूर्वीच्या व नंतरच्या अंकांची तुलना करतां येत नाहीं. म्हणून १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें त्यांनीं कुलाबा व अलीबाग ह्या दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले, दोहोंतला फरक ठरविला, व मगच कुलाब्याचें काम थांबविलें. ७ मे १९०७ रोजीं मुंबईंत विजेची ट्राम धांवली. १९१० सालीं मूस ह्यांनीं १८४६ ते १९०५ पर्यंतच्या निरीक्षणांचा दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला; चुंबकीय वादळांचा अभ्यास करणारे लोक तो आजहि काढून पाहतात. पुढें १९२५ पासून आगगाड्याहि विजेवर चालूं लागल्या व ती वीज ठाण्यावरून कल्याणपर्यंत पोंचली. ट्राम केव्हांच गेल्या. सूची मात्र परत आली नाहीं, आणि येऊं नये हेंच बरें.

आतां शिळेकडे पुन्हां वळूं. स्टोरीनंतर अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत हेलिवेल ह्यांनीं शिळा ऐकण्याचें शास्त्रच उभारलें. त्यांचे सहकारी कार्पेंटर ह्यांना १९६३ सालीं शिळांच्या घसरणीवरून असें दिसलें कीं पृथ्वीभोंवतींचा विद्युत्कणांचा दाट मेघ हळूहळू विरळ होत जात नाहीं. पृथ्वीच्या मध्यापासून चार-पांच त्रिज्यांच्या अंतरावर तो कडा तुटल्यासारखा एकदम संपतो. चुंबकीय वादळ झालें कीं हा कडा आंत सरकतो. वादळ जितकें मोठें, तितका आंत.

१९६४ सालीं त्याच मंडळींनीं आणखी एक गंमत प्रसिद्ध केली. पाणबुड्यांस संदेश देण्यासाठीं आरमारें ह्याच अति-अल्प कंपसंख्येच्या लहरी वापरतात, कारण त्या खाऱ्या पाण्यांत कांहीं हात शिरूं शकतात. आपल्या आरमाराचेंहि असें प्रक्षेपण-केंद्र १९९० पासून तामिळनाडूंत तिरुनेलवेली जिल्ह्यांत आहे. अमेरिकन आरमाराचे मोर्स लिपींतले संदेश बलरेषेवरून दुसऱ्या गोलार्धांत पोंचत, तेव्हां त्यांतल्या दीर्घ रेघांच्या पाठोपाठ आकाशांतून एक नवाच, कोणींहि न पाठविलेला स्वर उमटे. ऱ्हस्व टिंबांच्या मागें उमटत नसे. चुंबकावरणांतील इलेक्ट्रॉन बलरेषेभोंवतीं मळसूत्रासारखे फिरत असतात. लहरीचा ताल व त्यांच्या फेऱ्यांचा ताल जुळला म्हणजे ते आपली शक्ति लहरीला देतात व लहर पुष्ट होते. ताल जुळण्यास वेळ लागतो. रेघ तेवढी थांबते, टिंब थांबत नाहीं. ह्या देवघेवींत कांहीं इलेक्ट्रॉनांची वाट बिघडते व ते खालीं वातावरणांत कोसळतात. आकाशांतली एखादी वीज अशा रीतीनें हजारों किलोमीटर उंचीवरचे कण खालीं ओढून आणूं शकते. कलावंत ऐन रंगांत आला म्हणजे साथीदार जसा आपोआप खुलतो, तसा हा व्यवहार दिसतो. परंतु येथें साथीदाराचा अधूनमधून बळीहि जातो.

कान व सूची ह्यांची गांठ पडली ती २००३ सालीं. कुलाबा-अलीबागच्या वेधशाळांची वारस म्हणून १९७१ सालीं स्वतंत्र झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेंतील गुरबक्ष लखीना व शोभना अलेक्स ह्यांनीं, अमेरिकेचे त्सुरुतानी व ब्राझीलचे गोन्सालेस ह्यांच्या साह्यानें, १८५९ च्या त्या छापील अंकांचा आलेख काढला. वादळ किती मोठें होतें हें अंकांनीं सांगितलें. तें इतकें मोठें कां झालें ह्याचा हिशेब करतांना त्यांनीं कार्पेंटरचा तो कडा मदतीस घेतला: ध्रुवप्रकाश किती दक्षिणेस दिसला ह्याच्या जुन्या हकीकतींवरून कडा पृथ्वीच्या मध्यापासून अवघ्या १.३ त्रिज्यांवर, म्हणजे जमिनीपासून दोन हजार किलोमीटरांच्याहि आंत आला असावा असें त्यांनीं ठरविलें, व त्यावरून सौर वाऱ्याच्या विद्युत्क्षेत्राचा अंदाज बांधला. शिळा ऐकून सांपडलेली वस्तु, आणि शिळा ज्या मुलखांत ऐकूं येत नाहीं तेथल्या सूचीचे अंक, ह्यांची बेरीज एकाच कागदावर झाली.

हा आंकडा अवघ्या जगाचा म्हणून जसाच्या तसा घ्यावा कीं नाहीं, ह्याविषयीं विद्वानांत वाद आहे, आणि तो लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. त्या वेळीं मुंबईंत मध्यान्ह जवळ होता. उत्तरेकडचे विद्युत्प्रवाह खालीं उतरून येथल्या सूचीस अधिकच ओढीत असतील, असें कांहींचें म्हणणें आहे. तासातासाची सरासरी घेऊन त्यांनीं जगाचा आंकडा साडेआठशें ते हजार नॅनोटेस्लाच्या आसपास आणला आहे. तुलनेसाठीं सांगावयाचें तर १३ मार्च १९८९ च्या वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांत नऊ तास अंधारांत बुडविला, तें वादळ ५८९ चें होतें. मे १९२४ नव्हे, अगदीं अलीकडच्या मे २०२४ मध्यें लडाखांत आकाश तांबडें झालें तें सुमारें ४०० चें. आमच्या मतें १,६०० खरें कीं ९०० खरें हा प्रश्न शास्त्रज्ञांनीं खुशाल लढवावा. लढण्याजोगा अंक त्यांच्यापाशीं आहे तो कुलाब्याच्या वहींत होता म्हणून आहे. त्याच वेळीं कुलाब्यानें 'शोध लावला' असें म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांचाहि आम्हांस कंटाळा येतो. शोध कांहीं लागला नव्हता. अंक लिहिला गेला होता.

भाच्याची निराशा आमच्या मनांतून जाईना. पुढच्या वर्षीं चैत्रांत नागांवला जाण्याचा योग आला तेव्हां त्यानें तें यंत्र पिशवींत घातलें. केरूनानांचें हेंच गांव. अलीबागची वेधशाळा येथून जवळच. रात्रीं जेवणें आटोपल्यावर, विजेच्या खांबांपासून दूर, सुरूच्या झाडांमागें पुळणींत त्यानें तार उभी केली. घुंघुंकार मावळला होता. तडतड मात्र भरपूर होती, कोणत्या तरी दूरच्या समुद्रावरील विजांची. बऱ्याच वेळानें तिच्यांत पाण्याचा थेंब तळ्यांत पडावा तसा, वरून खालीं झटकन वांकणारा एक बारीक 'टिंव' ऐकूं आला, मग दुसरा. ती शीळ नव्हे. रात्रीं जमीन व सुमारें नव्वद किलोमीटर उंचीवरचें आयनांबर ह्यांच्या दरम्यान आपटत-आपटत दूरवर आलेल्या विजेच्या लहरींचा हा नाद. सेकंदास सतराशें कंपांच्या खालीं तो उतरत नाहीं, कारण त्याहून लांब लहर त्या पोकळींत तशी मावतच नाहीं. इंग्रजींत त्यास ट्वीक म्हणतात, आणि तो आपल्याकडेहि ऐकूं येतो. भाच्यानें बॅटरीच्या उजेडांत वही काढली व तारीख घालून लिहिलें: रात्रीं ९ वाजून ४२ मिनिटें, दोन.